झूमिफाय एक्सपोर्ट

झूमिफाय एक्सपोर्ट : अवाढव्य चित्राचे छोटे चौकोनी तुकडे पाडून ते वेबवर ठेवण्याची ॲडोबी फोटोशॉपमधील सोय. २००७ च्या सीएस३ आवृत्तीत ती 'फाइल' मेनूतील 'एक्सपोर्ट'खाली आली. चित्राचा जो भाग बघणारा मोठा करतो, तेवढ्याचेच तुकडे त्याच्या ब्राउझरकडे येतात. बाकीचे सर्व्हरवरच राहतात.

जुना नकाशा, लघुचित्र, पैठणीचा पदर किंवा मोडी कागद अशा गोष्टींना ही पद्धत विशेष मानवते. मोडीत शब्द तोडून लिहायची रीत नाही. आधी शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता ओळ पुरी करायची. शब्द कुठे संपला हे ठरवायला वाचणारा एकेका वळणाशी थांबतो, आणि पुन्हा मागे सरून अख्खी ओळ बघतो. आठशे पिक्सेल रुंदीच्या जेपीजीवर हे जमत नाही. उलट पूर्ण आकाराची एकच फाइल ठेवली, तर मोबाइलवर ती उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

यामागची रचना पिरॅमिडची. समजा चित्र १२,००० × ८,००० पिक्सेलचे आहे. त्याचे २५६ × २५६ चे तुकडे, म्हणजे टाइल, पाडल्या की ४७ रकाने आणि ३२ ओळी होतात : १,५०४ टाइल. मग चित्र लांबीरुंदीत निम्मे करून पुन्हा टाइल पाडायच्या : ३८४. पुन्हा निम्मे, ९६; पुढे २४, ६, २, आणि शेवटी सगळे चित्र एका टाइलमध्ये बसते. एकूण सात थर, २,०१७ टाइल. ऐकायला हा पसारा वाटतो, पण प्रत्येक थर खालच्याच्या चौथाईएवढाच असल्याने पिक्सेलची एकूण वाढ साधारण एक-तृतीयांशच होते. १,२०० × ८०० च्या खिडकीत एका वेळी फार तर तीस टाइल दिसतात, मूळ चित्र कितीही मोठे असो.

टाइलच्या नावातच तिचा पत्ता असतो : थर, रकाना, ओळ. '०-०-०' ही शिखरावरची एकुलती एक टाइल. वरच्या उदाहरणात उजव्या खालच्या कोपऱ्यातली '६-४६-३१' ही पूर्ण चौकोनी नसते. कडेला उरलेला २२४ × ६४ चा तुकडा असतो. दर २५६ टाइलला एक 'टाइलग्रुप' फोल्डर, म्हणजे इथे आठ. सोबत 'इमेजप्रॉपर्टीज' नावाची छोटी एक्सएमएल फाइल असते. तिच्यात रुंदी, उंची, टाइलची संख्या आणि आकार नोंदलेला असतो.

एक्सपोर्टआधी चित्र ८ बिट आणि एसआरजीबी (वेबवर सर्रास चालणाऱ्या) रंगात आणून ठेवावे. प्रत्येक टाइल स्वतंत्रपणे जेपीजी होत असल्याने गुणवत्ता फार खाली ओढली, तर टाइलच्या कडा शिवणीसारख्या दिसू लागतात. खरी कटकट पुढे, अपलोड करताना होते : दोन हजार फाइली एकेक करून चढवण्यापेक्षा झिप करून सर्व्हरवर उलगडणे केव्हाही बरे. लिनक्स सर्व्हरला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी वाटतात, त्यामुळे फोल्डरचे नाव वाटेत बदलले की चित्राच्या जागी कोरी चौकट येते. घरच्या संगणकावर पान थेट उघडूनही पुष्कळदा तेच दिसते, कारण ब्राउझर डिस्कवरची एक्सएमएल वाचू देत नाहीत. तेव्हा टाइल बिघडल्या असे समजून पुन्हा एक्सपोर्ट करण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला फोटोशॉप टाइलसोबत जो दर्शक, म्हणजे पानावर चित्र दाखवणारा व्ह्यूअर, देई, तो फ्लॅश या ब्राउझरच्या जुन्या प्लग-इनवर चालणारा होता. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि तशी पाने आंधळी झाली. टाइलना मात्र काहीच झाले नाही, कारण त्या साध्या जेपीजी. ओपनसीड्रॅगन हा मुक्त दर्शक झूमिफायच्या टाइल थेट वाचतो; त्याला रुंदी, उंची आणि फोल्डरचा पत्ता दिला की एक्सएमएलचीही गरज उरत नाही. जुना संग्रह हाताशी असेल तर नव्याने टाइल पाडण्याआधी हे करून पाहावे.

मायक्रोसॉफ्टच्या डीप झूमची जातकुळी तीच, पण त्याचा पिरॅमिड एका पिक्सेलपासून सुरू होतो. वरच्याच चित्राचे त्यात पंधरा थर होतात. ग्रंथालये आणि संग्रहालये ट्रिपलआयएफ या मानकाकडे वळली आहेत. त्यात हवा तो भाग आणि आकार वेब-पत्त्यातच लिहून मागता येतो. फोटोशॉप नसले तरी लिबव्हिप्स हे मोफत साधन यांपैकी कुठल्याही साच्यात टाइल पाडून देते, तेही मोठे चित्र पूर्ण मेमरीत न घेता.

फोटोशॉपची मर्यादा चित्राच्या आकारात आहे. जेपीजीची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलपलीकडे जात नाही, पीएसडी या फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलची ३०,००० पलीकडे, आणि पीएसबी या तिच्या मोठ्या भावंडाची ३,००,००० पलीकडे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच' या तैलचित्राचे जे डिजिटल चित्र प्रसिद्ध केले, ते ९,२५,००० × ७,७५,००० पिक्सेलचे, ८,४३९ छायाचित्रे जोडून केलेले. ते पीएसबीतही मावत नाही. त्यात दोन पिक्सेलमधले अंतर ५ मायक्रोमीटर आहे. रंगाचा सुटा कण ओळखू यावा इतके बारीक.