न्हाणीघरातल्या घुमाऱ्यापासून रिव्हर्ब प्लगइनपर्यंत

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे भागांत घरच्या घरी घुमट या मडक्याच्या वाद्यावरच्या आरत्यांची रेकॉर्डिंग सुरू होतात. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि एक-दोन माईक एवढंच सामान. मिक्सिंगला बसलं की हमखास प्रश्न येतो: सॉफ्टवेअरसोबत आलेले इफेक्ट चालतील, की बाहेरचे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट, विकत घ्यावे लागतील? माझ्या मते चालतील, आणि उत्तम चालतील. फक्त त्यांतली बटणं कुठल्या यंत्रातून आली आहेत, हे ठाऊक हवं.

रिव्हर्बची, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या इफेक्टची, सुरुवात खऱ्या खोल्यांतून झाली. १९४७ साली शिकागोमध्ये बिल पुटनम या ध्वनिमुद्रकाने 'हार्मोनिकॅट्स' या चमूचं रेकॉर्डिंग करताना स्टुडिओच्या न्हाणीघरात स्पीकर आणि माईक ठेवला, आणि तिथला घुमारा मूळ आवाजात मिसळला. दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, जर्मनीच्या ईएमटी कंपनीने खोलीची गरजच संपवली. त्यांच्या 'ईएमटी १४०' मध्ये अर्धा मिलिमीटर जाडीचा, सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत ताणून बसवलेला असे. आवाजाने तो थरथरे आणि ती थरथर पुन्हा आवाजात बदलली जाई. यंत्राचं वजन पाव टनापेक्षा जास्त. प्लगइनमध्ये 'प्लेट' म्हणून जो प्रकार दिसतो तो म्हणजे हा पत्रा. त्याचा घुमारा क्षणात दाट होतो, भिंतीवरून आवाज परतण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून नाट्यगीत गाणाऱ्याचा गळा पुढे ठेवून त्याला थोडी झळाळी द्यायची असेल, तर मी आधी प्लेट लावून बघतो.

कॉम्प्रेसरची, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या इफेक्टची, गोष्ट घुमटवाल्यांनी जास्त लक्ष देऊन वाचावी. साठच्या दशकात 'एलए-२ए' हे कॉम्प्रेसर यंत्र आलं. त्यात आवाज वाढला की एक दिवा उजळे, प्रकाशसंवेदी घटक तो उजेड टिपे आणि त्यानुसार पातळी खाली येई. या सगळ्याला साधारण १० मिलीसेकंद लागत. त्याच दशकाच्या शेवटी पुटनमनेच ट्रान्झिस्टरवर चालणारं '११७६' आणलं, ते अवघ्या २० मायक्रोसेकंदांत आवाज दाबू शके. लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कॉम्प्रेसरमध्ये 'व्हिंटेज ऑप्टो' (प्रकाशावर चालणारा) आणि 'व्हिंटेज फेट' (ट्रान्झिस्टरवर चालणारा) ही नावं दिसतात ती या दोन घराण्यांची. घुमटावरच्या थापेचा सगळा जीव तिच्या पहिल्या काही मिलीसेकंदांत असतो. अटॅक, म्हणजे आवाज दाबायला लागणारा वेळ, फार जलद ठेवला तर थाप चिरडते आणि मागे नुसती मडक्याची घूं राहते. अटॅक १०-१५ मिलीसेकंदांवर न्या, थाप निसटून पुढे येते. त्यासाठी महागडा प्लगइन लागत नाही.

डिलेचं, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टचं, मूळ टेपमध्ये. १९७४ च्या रोलँड 'स्पेस एको'मध्ये टेपचा वेग हाताने बदलून प्रतिध्वनीचं अंतर ठरे, गाण्याची लय त्या यंत्राला ठाऊक नसे. आजचा डिले सॉफ्टवेअरच्या टेम्पोला बांधलेला येतो. नव्वदच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर घुमलेल्या ट्रान्स संगीताला हे बंधन शोभतं, कारण तिथे ठेका जागचा हलत नाही. भजनात मात्र लय चढत जाते. तिथे टेम्पोशी बांधणारं 'सिंक' बंद करून अंतर मिलीसेकंदांत द्यावं.

मग हे सारं संगणकात कसं शिरलं? बेल लॅब्सच्या मानफ्रेड श्रोडर यांनी १९६२ साली गणिताने घुमारा तयार करण्याची रीत मांडली. उशिरा येणाऱ्या आवाजाच्या काही फेऱ्या एकमेकींत मिसळायच्या, हे तिचं सूत्र. साध्या संगणकाला हे काम पेलायला तीन दशकं लागली. १९९२ मध्ये वेव्हज कंपनीने 'क्यू१०' हा इक्वलायझर (आवाजातले जाड-बारीक स्वर कमी-जास्त करणारा) प्लगइन म्हणून विकायला काढला. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीच्या 'क्यूबेस व्हीएसटी' या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्ब, कोरस, स्टिरिओ एको आणि ऑटो-पॅनर सोबतच मिळाले, आवाजावरच्या प्रक्रियेसाठी वेगळं डीएसपी कार्ड न लावता. स्टाइनबर्गने व्हीएसटीची, म्हणजे प्लगइन जोडण्याच्या पद्धतीची, रचना इतरांना खुली केली आणि प्लगइनची बाजारपेठ फुलली. म्हणजे व्हीएसटीचा आरंभच सॉफ्टवेअरसोबत आलेल्या इफेक्टांनी झाला. श्रोडर यांच्याच वाटेने लिहिलेला 'फ्रीव्हर्ब' २००० साली कुणालाही वापरायला मोकळा झाला. फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब त्याच कुळातला आहे.

१९९९ मध्ये सोनीच्या एका यंत्राने खऱ्या जागेचा घुमारा टिपून तो दुसऱ्या आवाजाला लावण्याची सोय आणली. लॉजिकचा 'स्पेस डिझायनर' आणि रीपर या सॉफ्टवेअरचा 'रीव्हर्ब' (ReaVerb) हे प्लगइन आज तेच काम करतात. आपल्याकडे आरतीला सर्रास 'कॅथेड्रल' हा तयार प्रीसेट लावतात, ते मला खटकतं. तो घुमारा जुन्या गोव्यातल्या सें कॅथेड्रलसारख्या उंच दगडी वास्तूचा, कौलारू सभामंडपाचा नव्हे. देवस्थान समितीची परवानगी घेऊन आपल्याच देवळात फुगा फोडून तो आवाज टिपा आणि ती फाईल प्लगइनमध्ये घाला. मात्र मंडप रिकामा असताना टिपलेला घुमारा लांबतो. १९०० च्या सुमारास हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवत मोजून दाखवलं, की मऊ वस्तू आणि माणसं आवाज शोषतात. आरतीच्या गर्दीचा भास हवा असेल तर त्या फाईलचं शेपूट प्लगइनमध्येच थोडं आखूड करावं लागतं.