पिना बसल्या, पण व्होल्टेजचं काय?

परदेशी निघताना बॅगेत ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर टाकला की विजेचा प्रश्न मिटला, असं अनेकांना वाटतं. साधा अ‍ॅडॉप्टर एकच काम करतो: आपल्या प्लगच्या पिना तिथल्या सॉकेटमध्ये बसवून देतो. सॉकेटमधली वीज मात्र जशीच्या तशी उपकरणात शिरते. जपानमध्ये ती १०० व्होल्टची असते, अमेरिकेत १२०, युरोपात २३०. ब्राझीलमध्ये तर काही शहरांत १२७ आणि काही शहरांत २२० व्होल्ट.

खरा धोका उष्णता देणाऱ्या उपकरणांना. त्यांच्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण कायम असतो, त्यामुळे शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात वाढते. १२० व्होल्टसाठी बनवलेला १२०० वॅटचा हेअर ड्रायर २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला, तर व्होल्टेज दुप्पटही होत नाही, पण शक्ती जवळपास ४४०० वॅटवर जाते. तार लालबुंद होते, प्लास्टिक वितळतं, नशीब चांगलं असेल तर आधी फ्यूज उडतो. उलट २३० व्होल्टची २००० वॅटची किटली १२० व्होल्टवर जेमतेम ५४५ वॅट ओढते. बिघडत काहीच नाही, फक्त पाणी उकळायला जवळपास चौपट वेळ लागतो.

मग मोबाइलचा चार्जर सगळीकडे कसा चालतो? त्यावर बारीक अक्षरांत ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ अशा अर्थाची ओळ असते. आत येणारी एसी (दिशा सतत बदलणारी) वीज आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) होते. मग एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत तिचे तुकडे पाडतो आणि ते एका छोट्या ट्रान्सफॉर्मरकडे पाठवतो. बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजवर सर्किटची सतत नजर असते. सॉकेटमधलं व्होल्टेज जास्त असेल, तर ट्रान्झिस्टर चालू राहण्याचा काळ आपोआप घटतो. बोटभर जागेत बसणारी ही करामत मला विलक्षण वाटते. लॅपटॉप आणि कॅमेऱ्याच्या चार्जरमध्येही बहुधा हीच रचना असते. काही हेअर ड्रायरवर मात्र नाण्याने फिरवायची खाच असते. ती तिथल्या व्होल्टेजवर आणायचं काम आपलं, आणि परतल्यावर पुन्हा मागे फिरवायचंही आपलंच.

फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं करते (हर्ट्झ) त्याचा, त्रास त्या मानाने कमी. सॉकेटच्या हर्ट्झवर वेळ मोजणारं ६० हर्ट्झचं घड्याळ ५० हर्ट्झवर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. जपानमध्ये तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन.

अर्थिंगकडे मात्र काळजीपूर्वक पाहायला हवं. बऱ्याच अ‍ॅडॉप्टरमध्ये अर्थिंगची तिसरी पिन पुढे कशालाच जोडलेली नसते. उपकरण व्यवस्थित चालतं, म्हणून ते लक्षात येत नाही. पण आतली फेजची (वीज आणणारी) वायर निसटून धातूच्या आवरणाला टेकली, तर वीज जमिनीत न जाता हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाऊ शकते. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या उपकरणांना दुहेरी इन्सुलेशन असतं, त्यांना अर्थिंग लागत नाही. धातूच्या इस्त्रीवर ही खूण नसेल, तर तिला अर्थिंग जोडलेलाच अ‍ॅडॉप्टर हवा. त्यावरचा अँपिअरचा आकडाही तपासावा: ६ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंतच चालतो, १२० व्होल्टवर फक्त ७२० वॅटपर्यंत.