माँमार्त्रचं बुटकं चर्च आणि छताचा रेटा

पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर लोक जातात ते पांढऱ्याशुभ्र साक्रे-कर चर्चसाठी. त्याच्या पश्चिमेला, अगदी खेटून, सँ-प्येर नावाचं एक बुटकं, करडं चर्च आहे. दाराशी गर्दी नसते. वयानं मात्र ते शेजाऱ्यापेक्षा सातशेहून अधिक वर्षांनी थोरलं आहे.

फ्रान्सचा राजा सहावा लुई आणि राणी आदेलाइद यांनी ११३३ मध्ये इथे जोगिणींचा मठ स्थापला. चर्चचं पूजन ११४७ मध्ये खुद्द पोप तिसरे यूजीन यांनी केलं. छप्पर एक, पण बिऱ्हाडं दोन: वेदीकडची पूर्व बाजू जोगिणींची, पश्चिम बाजू गावकऱ्यांची. आतले चार संगमरवरी खांब तर रोमन काळातल्या कुठल्या तरी इमारतीतून उचलून आणलेले.

खरी गंमत वेदीजवळच्या छतात आहे. पॅरिसमधल्या सर्वांत जुन्या फासळीदार छतांत त्याची गणना होते. त्याआधी दगडी छत म्हणजे बहुधा अर्धगोल बोगदा. त्याचं वजन खाली येतंच, शिवाय भिंतीला सबंध लांबीभर बाहेर रेटतं. म्हणून भिंती जाडजूड आणि खिडक्या इवल्याशा. फासळीदार छतात छताच्या चौकोनी भागाच्या कोपऱ्यांतून दोन तिरक्या कमानी निघतात आणि मधोमध एकमेकींना छेदतात. गवंडी आधी सेंट्रिंग लावून या कमानी उभ्या करत, मग मधले त्रिकोणी गाळे दगडांनी भरत. रेटा आता चार कोपऱ्यांत गोळा होतो, तेवढेच कोपरे भक्कम करायचे. मधली भिंत खिडकीला मोकळी.

अशा छतांत कमानी बहुधा टोकदारही असतात. त्या टोकदार का, हे पत्त्यांवरून कळतं. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करा. पसरट ठेवले तर पाय सरकतात, उभट ठेवले तर टिकतात. टोकदार कमान उभट असते, त्यामुळे तिचा बाजूचा रेटा कमी.

पण छत खरंच फासळ्यांवर तोललेलं असतं का? पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी काही चर्चच्या फासळ्या पाडल्या, तरी वरचे गाळे जागेवर राहिले. त्यावरून १९३०च्या दशकात अभ्यासकांत चांगलीच जुंपली. माझं मत विचाराल तर बांधताना फासळी लागते. चुना एकदा घट्ट झाला की तिचं ओझं बरंच हलकं होत असावं.

भिंतींचं झालं; पायाखालचं प्रकरण निराळंच. ही टेकडी जिप्समची. भाजून त्याचं प्लॅस्टर ऑफ पॅरिस होतं, आपल्याकडे गणपतीच्या मूर्तींवरून ज्यावर वाद झडतो तेच. शतकानुशतकं खाणी खोदल्यानं टेकडी पोखरली गेली. साक्रे-करच्या पायासाठी तर ८३ विहिरी खणून तीस मीटरहून खोल दगडी खांब उतरवावे लागले.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठ मोडला. १७९४ मध्ये शेवटच्या मठाधिपतीला गिलोटिनवर चढवलं गेलं, आणि त्याच वर्षी चर्चच्या पूर्व टोकावर चक्क तारायंत्राचा मनोरा उभा राहिला! तारेशिवायचं तारायंत्र: लाकडी हात हलवून खुणा करायच्या, पुढच्या टेकडीवरच्या माणसानं त्या दुर्बिणीतून टिपून पुढे पाठवायच्या. हे यंत्र काढणाऱ्या क्लोद शाप यांची ही पॅरिस ते लील शहर अशी वाट. गावकऱ्यांचा भाग पॅरिश चर्च म्हणून तगला. जोगिणींचा भाग इतका खिळखिळा झाला की १९व्या शतकाच्या अखेरीस सगळंच पाडायचं घाटत होतं. ते टळलं आणि १९०० ते १९०५ मध्ये डागडुजी झाली. पुढे १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात काचा फुटल्या. आज दिसतात त्या रंगीत काचा माक्स अँग्राँ यांनी १९५०च्या दशकात केलेल्या.