जावा शिकायला येताय? पहिल्या महिन्याबद्दल थोडंसं

नाव नोंदवायला येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात : "गणित कच्चं आहे, इंग्रजीही बेताचं. जमेल का?" जमेल. पहिल्या महिन्यात बेरीज, वजाबाकी, भागाकार यापुढे गणित जात नाही. इंग्रजीचं म्हणाल, तर जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा. तिचे राखीव शब्द, म्हणजे ठरावीक कामासाठीच ठेवलेले इंग्रजी शब्द, पन्नासच्या आसपास आहेत, ते रोज वापरून तोंडी बसतात. प्रोग्राममध्ये आपण देतो ती बाकीची नावं देवनागरीत ठेवली तरी जावाला चालतं. 'लिटर', 'दर', 'खाते' ही नावं ती सरळ स्वीकारते. म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही मराठी नावांनीच प्रोग्राम लिहून घेतो. पुढे नोकरीत रोमन लिपीच लागते, तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून ती सवय लावतो.

जावा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. 1995 साली ती लोकांपुढे आली. तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रामचं कम्पायलर नावाचा प्रोग्राम बाइटकोडमध्ये, म्हणजे यंत्रासाठीच्या सूचनांमध्ये, रूपांतर करतो आणि त्या त्या संगणकावरचं जेव्हीएम (जावा व्हर्च्युअल मशीन) तो बाइटकोड चालवतं. त्यामुळे घरच्या विंडोजवर तयार केलेली फाइल वर्गातल्या लिनक्सवरही चालते.

आता मुख्य गोष्ट, क्लास आणि ऑब्जेक्ट. गावातलं दूध संकलन केंद्र डोळ्यापुढे आणा. प्रत्येक उत्पादकाचं एक खातं : क्रमांक, नाव, जमा लिटर. खात्यात काय काय असावं आणि त्यावर कोणते व्यवहार करता यावेत, हे एकदाच ठरवून लिहिणं म्हणजे क्लास. त्यावरून उघडलेलं एकेका उत्पादकाचं खातं म्हणजे ऑब्जेक्ट. उत्पादक शंभर असले तरी क्लास एकच. 'लिटर' हा आकडा आपण प्रायव्हेट ठेवतो, म्हणजे बाहेरून कुणी थेट खाडाखोड करू शकत नाही. दूध जमा करायचं ते 'जमा' या मेथडमधूनच (मेथड म्हणजे क्लासमध्ये लिहून ठेवलेला एक व्यवहार), आणि उणे आकडा आला तर ती मेथड तो नाकारते.

इथपर्यंत सगळे हसतखेळत येतात. अडतात ते पुढच्या पायरीवर. 'पहिले' या नावाचं एक खातं आहे आणि 'दुसरे = पहिले;' असं लिहिलं की खात्याची झेरॉक्स निघाली असं वाटतं. झेरॉक्स निघत नाही. खातं तेच राहतं, त्याला नाव मात्र दुसरं मिळतं. मग 'दुसरे'मध्ये 10 लिटर जमा केले की 'पहिले'मध्येही 10 वाढलेले दिसतात आणि माणूस चक्रावतो. यासाठी आम्ही पूर्ण एक दिवस ठेवला आहे. त्या दिवशी संगणक बंद, कागदावर खात्यांचे चौकोन आणि नावांकडून त्यांच्याकडे जाणारे बाण. हा दिवस चुकवू नका, अशी कळकळीची विनंती आहे. मजकुराची तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी (==) का करू नये, 'इक्वल्स' ही मेथड का वापरावी, तेही याच बाणांमधून उलगडतं. ती दोन चिन्हं मजकूर सारखा आहे का हे बघत नाहीत, ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघतात.

आकड्यांचंही एक आधीच सांगून ठेवतो. सकाळी 7 लिटर, संध्याकाळी 8. सरासरी काढायला (7 + 8) / 2 लिहिलं तर उत्तर 7 येतं, 7.5 नाही. दोन्ही बाजूंना पूर्णांक असले की जावा अपूर्णांक टाकून देते. 2 च्या जागी 2.0 लिहा, 7.5 मिळेल. अर्ध्या लिटरचे पैसे असेच बुडतात, म्हणून हा धडा आम्ही पहिल्याच आठवड्यात घेतो.

मराठी मजकुराची एक गंमत वर्गात करून बघू. 'नमस्ते'ची लांबी विचारली तर जावा 6 सांगते. तिचा हिशेब असा : न, म, स, हलन्ताचं चिन्ह, त आणि एकाराची मात्रा. पुढे मराठी नावांचे फॉर्म तयार कराल तेव्हा हे उपयोगी पडेल.

घरी सराव करायचा तर ओपनजेडीके, म्हणजे जावाचे प्रोग्राम तयार करून चालवायचा संच, फुकट मिळतं. 21 किंवा 25 ही आवृत्ती घ्या. 18 च्या आधीच्या आवृत्त्यांत विंडोजवर देवनागरी नावांसाठी वेगळी सेटिंग करावी लागते, नवख्या माणसाचा तिथेच अर्धा दिवस जातो. लॅपटॉप नसला तर नोंदणी करतानाच सांगा, वर्गातला संगणक तुमच्यासाठी राखून ठेवू. पहिल्या दिवशी येताना चौकटीची वही आणि पेन्सिल तेवढी आणा.