बडोद्यातले ग्रंथ, चित्रे आणि झाडे: पार्श्वभूमी

1906मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मग पुढचा प्रश्न आला: अक्षरओळख झालेल्यांनी वाचायचे काय? तिसऱ्या सयाजीरावांनी 1910मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावले. महाराजांनी वाड्यातली सुमारे 20,000 पुस्तके देऊन टाकली आणि मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले. बोर्डन 1913मध्ये परतले. पुढचा कारभार जनार्दन सखाराम कुडाळकरांनी पाहिला. गावच्या वाचनालयाचा खर्च तिघांत वाटलेला असे: एक तृतीयांश गावकरी, तेवढाच प्रांत पंचायत आणि तेवढाच सरकार. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. आजची मांडवीतली इमारत 1931ची. तिथल्या कोठारात लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना जाड काचेची जमीन आहे. लोखंडाला वाळवी लागत नाही आणि काचेतून उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो.

छापील पुस्तकाला हे सगळे मानवते. फाटले तर दुसरी प्रत येते. पोथीचे तसे नाही, आणि ग्रंथालयाच्या संस्कृत विभागात पोथ्याच साठत होत्या. आर. अनंतकृष्ण शास्त्री त्या गावोगाव हिंडून मिळवत होते, तर चिमणलाल दलाल पाटणचे जैन भांडार (पोथ्यांचे जुने संग्रह) तपासत होते (पाटण तेव्हा बडोद्याच्याच हद्दीत). या दोघांनी संपादलेली राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ (काव्यशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ) 1916मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुस्तक म्हणून निघाली. 1927मध्ये हा विभाग स्वतंत्र झाला आणि प्राच्यविद्या मंदिर (ओरिएंटल इन्स्टिट्यूट) उभे राहिले. आमच्या मते ही फारकत अटळच होती. मोकळ्या फडताळातून हवे ते काढून घेण्याची शिस्त पोथीला घातक ठरते.

का, ते ताडपत्राकडे पाहिले की कळते. पान कोरडे पडले की शिरेच्या दिशेने चिरते, ओवलेल्या दोरीचे भोक रुंदावत जाते आणि कडा झडतात. कागदी पोथीचे दुखणे निराळे. पावसाळ्यात दमट हवेत पाने एकमेकांना चिकटतात. ओढून सोडवली की अक्षरे शेजारच्या पानावर उतरतात. काजळीची शाई टिकाऊ, पण पाण्याने फुटते. लोहयुक्त शाई पक्की, पण कागद खाते. म्हणून पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून सुती रुमालात घट्ट बांधतात. सैल बांधली तर पाने वाकतात आणि कसरीला आत शिरायला वाट मिळते. उघडताना आधी पाने मोजायची, मग शेवटची पुष्पिका, म्हणजे लेखनिकाचा समारोपाचा मजकूर, वाचायची. लेखनिक, गाव आणि शक हे बहुधा तिथेच सापडते, आणि नेमके शेवटचे पानच सर्वांत आधी गळते. वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती (अनेक पोथ्यांतले पाठ ताडून ठरवलेली) 1960 ते 1975 या काळात सात खंडांत प्राच्यविद्या मंदिरातूनच प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या ओळीओळीने ताडून पाहिल्याशिवाय असले काम होत नाही.

बडोद्याच्या म्युझियमची गोष्ट थोडक्यात. सयाजीबागेतली मुख्य इमारत 1894ची. शेजारचे चित्रालय 1914मध्ये बांधून झाले, पण युरोपात घेतलेली चित्रे महायुद्धामुळे अडकली आणि ते 1921मध्ये उघडले. अकोट्याच्या (हे ठिकाण आज बडोदा शहरातच आहे) जैन कांस्यमूर्तींचा संच इथला खरा ठेवा, निदान आमच्या लेखी. दमट हवेत धातूतले क्षार जागे झाले की अशा मूर्तींवर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके उठतात. ते नुसते पुसून भागत नाही; क्षार आतच राहतात.

विश्वामित्री नदीकाठची ही सयाजीबाग 1879ची. संस्थानच्या उद्यानांची देखरेख 1893पासून जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांच्याकडे होती. पुढे ते बंगळुरूच्या लालबागेत गेले. बागेतल्या झाडाचे नाव पक्के करायला मात्र वाळवलेला नमुना लागतो, आणि तो सांभाळण्याचे काम बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे आहे. पावसाळ्यात गोळा केलेल्या फांदीचे टीपकागद सुरुवातीला रोज बदलावे लागतात. एक दिवस चुकला तरी पाने काळी पडतात आणि बुरशी धरते. फूल किंवा फळ नसलेली फांदी कितीही सुबक वाळवली, तरी अनेक जातींत ओळख पटवायला ती कामी येत नाही.