जुन्या बाजारातली पळणारी सेडान: साल कळलं की दुखणं कळतं

पुण्यात सेकंडहँड बाजारात ‘पळणारी सेडान’ मागितली की पुढे येणारी नावं ठरलेली आहेत. होंडा सिटी व्हीटेक, फियाट लिनिया टी-जेट, स्कोडा लॉरा, ऑक्टाव्हिया, फोक्सवॅगन व्हेंटो टीएसआय (टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन) आणि अलीकडे स्लाव्हिया नि व्हर्टुस. यातल्या बऱ्याच गाड्या इथल्याच: लिनिया रांजणगावची, व्हेंटो, स्लाव्हिया आणि व्हर्टुस चाकणच्या. लॉरा आणि ऑक्टाव्हियाही फार लांबच्या नाहीत, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळणी झालेल्या. ही यादी कोणी आवडीनिवडीने केलेली नाही. कधी अबकारी करामुळे, कधी पेट्रोल-डिझेलच्या भावामुळे, तर कधी एखादी कंपनी देश सोडून गेल्यामुळे ती तयार झाली. म्हणून आरसी बुकावरचं साल पाहिलं की गाडीचं दुखणंही अंदाजे सांगता येतं.

सुरुवात होंडा सिटी आली त्या १९९८पासून धरावी. त्याआधी कॉन्टेसा, ११८ एनई, एस्टीम होत्या. पण जास्त आरपीएमला हसतखेळत ओढणारी गाडी म्हणजे काय, हे इथल्या लोकांना पहिल्यांदा सिटीने दाखवलं. २०००मध्ये आलेल्या, १.५ लिटरच्या व्हीटेक इंजिनाच्या सिटीची ताकद १०६ अश्वशक्ती होती आणि गाडीचं वजन टनाच्या आसपास. त्याच सुमारास फोर्डची १.६ आयकॉन आणि मारुतीची १.६ बलेनो आली. बलेनो गुणी होती, पण विकली गेली बेताचीच. आयकॉनच्या इंजिनला टायमिंग चेन असल्यामुळे बेल्टची कटकट नाही, मात्र थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग तडकतं आणि कूलंट गळतं.

व्हीटेक आजही मागे लागून शोधली जाते. अशी गाडी बघायला गेलात तर तीन गोष्टी तपासा. एक, टायमिंग बेल्ट. किलोमीटर कमी असले तरी पाचेक वर्षांपूर्वी बदललेला असेल तर तो आता संपला असं समजा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. दोन, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा भाग. आतला इग्नायटर तापला की गाडी चालता चालता बंद पडते आणि थंड झाली की काही झालंच नाही अशी सुरू होते. दहा मिनिटांच्या ट्रायलमध्ये हे कधीच दिसत नाही, त्यामुळे गाडी पाऊण तास तरी चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबून पुन्हा स्टार्टर मारा. इंजिन फिरतंय पण पेटत नाही आणि डॅशबोर्डमागून इंधन पंपाच्या रिलेची (विजेच्या स्विचची) टकटक ऐकू येत नाही, तर त्या रिलेमधलं सोल्डर फुटलेलं असतं. नवीन सोल्डर केलं की काम होतं, खर्च फुटकळ. तीन, खालची बाजू. गाडी बसकी आहे आणि आपले स्पीडब्रेकर कसे आहेत ते सांगायला नको. गाडी रॅम्पवर चढवून एक्झॉस्ट आणि ऑइल संप (इंजिनखालची तेलाची टाकी) बघा.

या वयाच्या गाडीला कागदांचाही खर्च असतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं आणि एप्रिल २०२२मध्ये त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट लावलेली गाडी तपासणीत अडकते, म्हणून विकणाऱ्याकडे मूळ सायलेन्सर शिल्लक आहे का तेही विचारा.

२००४मध्ये स्कोडाने पहिली ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती, आणली. १.८ टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती, पाच गिअर. त्या काळी टर्बो म्हणजे डिझेल असाच समज होता. आज या गाड्या वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. इंजिन दणकट, पण भोवतालचं रबर-प्लॅस्टिक मेलेलं. व्हॅक्यूमचे पाइप चिरतात, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटतो, कॉइल पॅक जातात आणि वॉटर पंपाचा प्लॅस्टिकचा पंखा शाफ्टवरच सैल होतो. बेल्टचं काम काढलंच तर धातूच्या पंख्याचा पंप बसवून घ्यावा. गाडी पूर्वीसारखी ओढत नाही अशी तक्रार असेल, तर टर्बोला हात लावण्याआधी धुराची चाचणी करून, म्हणजे पाइपांत धूर सोडून, गळती तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.

मग २००६चा अर्थसंकल्प आला. चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. छोट्या इंजिनाकडे कंपन्यांचा ओढा इथून वाढला. त्यातच २०१०च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४पर्यंत सुटले नाहीत. २०१२मध्ये दोघांत लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता. साहजिकच त्या चार वर्षांत मोठी सेडान घेणाऱ्यांनी डिझेलच घेतली. आज २०११ ते २०१४ची पेट्रोल, टर्बो, मॅन्युअल सेडान शोधायला निघालात तर दमछाक होते, त्याचं मूळ हे.

त्या काळातल्या वेगवान डिझेल गाड्यांत शेवरोले क्रूझचं नाव पहिलं. दोन लिटरचं इंजिन आधी १५० आणि नंतर १६६ अश्वशक्तीचं. गाडी सरळ रस्त्यावर आजही भल्याभल्यांना मागे टाकते. पण जनरल मोटर्सने २०१७अखेर देशातली विक्री थांबवली आणि पार्ट मिळवणं हे मालकाच्या रोजच्या कामातलं एक काम झालं. अशा कोणत्याही जोरदार डिझेल मॅन्युअलमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे झटके शोषणारं जड चाक) तपासा: गाडी न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढला की खडखड, दाबला की शांत, तर फ्लायव्हील किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग. फ्लायव्हील आणि क्लच एकत्रच बदलावे लागतात, आणि सौदा ठरवताना तेवढी रक्कम वजा करायची.

लिनिया टी-जेट याच काळातली, २०१०ची. १.४ टर्बो पेट्रोल, ११४ अश्वशक्ती, २०७ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचं बळ). वळणात बसते अशी की जुन्या कात्रज घाटात तिसऱ्या गिअरवर चालवलेला माणूस दुसऱ्या गाडीला नावं ठेवतो. अडचण वेगळीच आहे. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल मारुतीपासून टाटापर्यंत सगळ्यांनी वापरलं, त्यामुळे नाना पेठेत त्याचे पार्ट हवे तेवढे. टी-जेटचं इंजिन मात्र मोजक्याच गाड्यांत बसलं, आणि फियाटची विक्री थांबूनही आता काही वर्षं झाली. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकाच वेळी बदलल्याचं बिल मागा. नुसता बेल्ट बदललेला असेल तर ते काम अर्धवट आहे. गाडी आवडली तर तिच्यासोबत पार्ट देणारा माणूसही आधी शोधून ठेवा, हा सल्ला टी-जेटबाबत गंमत म्हणून दिला जात नाही.

आता लॉरा. २०११च्या लॉरा आरएसला नाव आरएसचं होतं, इंजिन मात्र साध्या लॉरातलंच: १.८ टीएसआय, १६० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर, सहा गिअर मॅन्युअल. त्यावेळी यावरून बरीच नाराजी होती. आज घेणाऱ्याला त्याचा फायदा आहे. बिल्ला आणि बंपर नको असतील तर साधी १.८ टीएसआय लॉरा तेवढीच पळते आणि बरीच कमी किमतीत मिळते.

या इंजिनाच्या दुसऱ्या पिढीची दुखणी जगभर सारखीच आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय गाडी घेऊ नये. पहिलं टायमिंग चेनच्या टेन्शनरचं. टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद असताना दाब नसतो, तेव्हा चेन एका छोट्या दातेरी खटक्यावर तोललेली असते. जुन्या रचनेत हा खटका घसरतो, चेन सैल पडते आणि स्टार्टर मारताना दात चुकवते. पुढे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर. इलाज म्हणजे सुधारित टेन्शनर. तो बसला आहे की नाही हे खालच्या टायमिंग कव्हरवरचं रबरी बूच काढून, छोटा आरसा आणि टॉर्च धरून बघता येतं. मेकॅनिकला हे माहीत नसेल तर मेकॅनिक बदला. दुसरी तपासणी कानांची: गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी आणि सकाळची पहिली स्टार्ट तुमच्यासमोर व्हावी. दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळली तर सौदा तिथेच थांबवा. तुम्ही पोचायच्या आत बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. घेतल्यानंतर उतारावर लावताना आधी हँडब्रेक ओढा, मगच गिअर टाका. गाडीचा भार गिअरवर पडून इंजिन उलटं सरकलं तर तोच खटका घसरतो.

दुसरं दुखणं ऑइल पिण्याचं. पिस्टनवरच्या ऑइल रिंगा बारीक आहेत आणि मागची भोकं कार्बनने बुजतात. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त ऑइल जात असेल तर औषध घालून भागत नाही, पिस्टन आणि रिंगा बदलाव्या लागतात. म्हणजे इंजिन उघडणं आलं. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघा. झाकण आतून जोरात ओढून धरलेलं असेल आणि शिट्टी येत असेल, तर ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या झडपेचा) पडदा फाटला आहे. ते स्वस्तातलं काम आहे आणि पुष्कळदा ऑइल कमी होण्याचं खरं कारण तेच निघतं. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग गळतं तेव्हा सांध्यापाशी गुलाबी पापुद्रा साचतो. तो पुसून गाडी दाखवली जाते, म्हणून कूलंटची टाकी ट्रायलच्या आधी आणि नंतर अशी दोनदा बघा. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडलं जात असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरते, ती वेगळी साफ करावी लागते.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी डीएसजीचा, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा, इतिहास याहून महत्त्वाचा. सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी स्कोडा सुपर्ब, व्हेंटो टीएसआय, २०१३ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आणि आताच्या १.५ टीएसआय गाड्यांत आहे. त्याची सहनशक्ती २५० न्यूटन-मीटरची. २०१६ची सुपर्ब बघा: इंजिन तेच, पण मॅन्युअलला ३२० न्यूटन-मीटर आणि डीएसजीला मोजून २५०. कंपनीने गिअरबॉक्सला जपण्यासाठी जो लगाम घातला, तोच रीमॅप करणारा (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारा) सोडतो. कोरड्या क्लचची रीमॅप केलेली गाडी स्वस्तात मिळते, ती याच कारणाने.

या गिअरबॉक्सचा मेंदू म्हणजे मेकाट्रॉनिक. सुरुवातीच्या गाड्यांत सिंथेटिक गिअर ऑइल होतं. उष्ण-दमट हवेत त्यामुळे विजेच्या भागांत शॉर्ट होऊ शकतो असं आढळल्यावर नोव्हेंबर २०१३मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांत मिनरल ऑइल भरण्याची मोहीम काढली. त्याआधीची गाडी असेल तर हे काम झाल्याची नोंद मागा. दुसरा दोष दाब साठवणाऱ्या भागाचा: तो फुटला की दाब टिकत नाही, पी१७बीएफ हा कोड येतो आणि गाडी जागेवर उभी. एक, तीन, पाच, सात हे गिअर एका क्लचवर, आणि दोन, चार, सहा नि रिव्हर्स दुसऱ्यावर. त्यामुळे एक आड एक गिअर गायब असतील तर दोष कोणत्या बाजूचा हे लगेच कळतं. ट्रायल संध्याकाळी सिंहगड रोडला किंवा नगर रोडला घ्या. क्लच तापल्यावर दुसऱ्या गिअरवर सरकत जाताना गाडी थरथरते का, हे मोकळ्या रस्त्यावर समजणार नाही.

२०१७ची ऑक्टाव्हिया आरएस याला अपवाद. दोन लिटर, २३० अश्वशक्ती आणि सहा गिअरचा, तेलात बुडलेल्या क्लचचा डीएसजी. ५०० गाड्या होत्या, दिल्लीतली शोरूम किंमत २४.६२ लाख. २०२०ची आरएस २४५ पूर्ण आयात, फक्त २००. पुढच्या वर्षांत त्यांच्या किमती साध्या ऑक्टाव्हियासारख्या उतरल्या नाहीत. २०१७च्या गाडीत दर ६०,००० किमीला डीएसजीचं तेल आणि फिल्टर बदललेले हवेत. या गाड्या जवळजवळ सगळ्या कधी ना कधी रीमॅप झाल्या आहेत असं धरूनच बघा. स्कॅनरवर ईसीयू (इंजिनाचा संगणक) किती वेळा फ्लॅश झाला, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर किती वेळा बदललं, ते दिसतं. मॅन्युअल टर्बोमध्ये सोपी परीक्षा: चौथा गिअर, २,००० आरपीएम, पूर्ण अॅक्सिलरेटर. आरपीएम उडाले आणि वेग मागे राहिला तर क्लच गेला. पेट्रोल कोणतं भरलं तेही विचारा. १०० ऑक्टेन पेट्रोल डिसेंबर २०२०मध्ये ज्या पहिल्या शहरांत आलं त्यांत पुणे होतं, त्यामुळे इथे ९५ ऑक्टेनच्या वरच्या पेट्रोलसाठीचा ट्यून (रीमॅप) चालवणारे आहेत. तो ट्यून साध्या पेट्रोलवर चालवला तर इंजिन ठोकतं.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा लागल्यापासून चांगल्या दिसणाऱ्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. नमुना २८ची एनओसी, कर्ज असेल तर नमुना ३५, हस्तांतराचे नमुने २९ आणि ३०, आणि त्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर. हा सगळा हिशेब मांडल्यावर स्वस्ताई बऱ्याचदा उरत नाही.

सध्या बाजारात येऊ लागलेल्या गाड्या २०२२च्या आहेत. स्लाव्हिया आणि व्हर्टुसचं १.५ टीएसआय १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटरचं, टायमिंग बेल्टचं. ऑटोमॅटिकमध्ये पुन्हा तोच कोरडा डीएसजी. १.० टीएसआयच्या ऑटोमॅटिकला मात्र टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) आहे, त्यामुळे रोज हिंजवडीला जाणाऱ्याने आधी ती चालवून बघावी. पळवायचीच असेल तर १.५ मॅन्युअल. पहिल्या गाड्यांची चार वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी २०२६मध्ये संपते. वाढीव वॉरंटी घेतलेली आणि ती नव्या मालकाच्या नावावर होणारी गाडी मिळाली, तर तिच्यासाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही.