फोडणीतली हळद आणि डबीतलं कर्क्युमिन

पाळी गेल्यावर सांधे कुरकुरायला लागतात, झोप उडते, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं. अशा वेळी जाऊ नाहीतर शेजारीण हमखास सांगते, "हळदीच्या कॅप्सूल घे गं, आपलीच हळद आहे, अपाय कसला व्हायचा?" मला नेमकी याच वाक्याची धास्ती वाटते.

हिशेबच करू. हळदपुडीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, आणि त्याच्या जातकुळीतली द्रव्यं (या सगळ्यांना मिळून कर्क्युमिनॉइड्स म्हणतात) साधारण 3 टक्के असतात. दिवसभरात वरण-भाजीतून दीड ग्रॅम हळद पोटात गेली, तर ही द्रव्यं भरतात 45 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलंही फारच थोडं रक्तात उतरतं. आता कॅप्सूलची डबी फिरवून लेबल वाचा. बऱ्याच डब्यांवर 500 मिलिग्रॅम अर्क, 95 टक्के कर्क्युमिनॉइड्स असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 475 मिलिग्रॅम, ताटातल्या हळदीच्या दहापट. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची जी रोजची मर्यादा घालून दिली आहे, ती वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला 180.

त्याच लेबलवर खाली बारीक अक्षरात अनेकदा 'पायपरिन' असतं. हे मिऱ्यातलं द्रव्य. त्याच्यामुळे कर्क्युमिनचं शोषण 20 पटीने वाढल्याचं बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं. पण पायपरिन हे साधतं ते औषधांचा निचरा करणारी यकृतातली आणि आतड्यातली यंत्रणा मंद करून. बीपीसाठी देतात त्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळीची रक्तातली पातळीही त्याने वाढते. पन्नाशी-साठीत बीपी, साखर, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही ना काही सुरू असतंच, म्हणून ही बारीक अक्षरं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात.

हळद अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिडेशनला आवर घालते, हा कॅप्सूलच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा खोटा नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक स्वतःच पेशींना ऑक्सिडेशनपासून काही प्रमाणात जपतं, पाळी गेल्यावर ते घटलं की ऑक्सिडेशनचा ताण वाढतो. मात्र कॅप्सूलचे प्रयोग बहुतेक छोटे, काही आठवड्यांचे, आणि त्यांत मोजतात ते रक्तातले निर्देशक, म्हणजे रक्ततपासणीतले आकडे. ते सुधारले म्हणून खुब्याचं हाड मोडायचं टळलं किंवा हृदयविकार टळला, असं सिद्ध झालेलं नाही. भाजी-आमटीतली हळद खुशाल चालू ठेवा.

कॅप्सूल घ्यायचीच असेल, तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आवर्जून सांगा. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या कॅप्सूलसारखी पूरकं घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याच्या घटनांची सरकारी पातळीवर चौकशी झाली होती. अमेरिकेतही असे रुग्ण आढळले आहेत. भूक मेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या.